मदत हवी आहे: नैराश्यात व्यायाम सुरू कसा करायचा? (आणि छाती धडधडायला लागली की काय करायचं?)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, तोही असल्या विषयावर. सांभाळून घ्या.

वय ४३, मुक्काम सातारा, नोकरी बँकेत. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर चार महिन्यांत कऱ्हाडला बदली झाली, म्हणजे रोज एसटीने जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. काहीतरी बिनसलंय हे दिवाळीच्या सुमारास कळलं. मुलीचा शाळेचा एक साधा फॉर्म भरायचा होता. तीन दिवस टेबलावर पडून होता. रोज पेन घेऊन बसायचो आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबायचो. तारीख आठवत नव्हती असं नाही, पुढे लिहायचंच होत नव्हतं. शेवटी बायकोने फॉर्म भरला आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) १० मिग्रॅ सुरू होऊन चार महिने झाले. झोप लागते, एसटीत खिडकीकडे तोंड करून रडणं थांबलं. पण अंगावर ओली गोधडी घेऊन फिरतोय असं अजून वाटतं. (जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो.)

डॉक्टर दर वेळी म्हणतात, "चालायला लागा, आठवड्याला दीडशे मिनिटं." मी मान डोलावतो. अडचणी दोन आहेत.

पहिली म्हणजे बूट. साडेपाचचा गजर होतो, उठतो, पलंगाच्या कडेला बसतो, एक मोजा चढवतो. मग घड्याळात बघतो तर साडेसहा. मधला तास कुठे गेला ते सांगता येत नाही. ज्याला उठून पाणी प्यायचा कंटाळा येतो त्याला "व्यायाम कर, उत्साह येईल" म्हणायचं म्हणजे, पेट्रोल संपलेल्या गाडीला पंपापर्यंत ये, मग भरतो, असं सांगण्यासारखं आहे.

दुसरी अडचण अजिंक्यतारा. साताऱ्यात व्यायाम म्हणजे किल्ला, दुसरं काही कोणी धरतच नाही. डिसेंबरात एका मित्राने ओढून नेलं. दुसऱ्या वळणाला छाती जी धडधडायला लागली, हाताला मुंग्या, घशाला कोरड. वाटलं, संपलं. कठड्यावर बसलो. मित्राने गाडीवर घालून थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी एको, सगळं व्यवस्थित. "पॅनिक अटॅक", म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, म्हणाले. रक्तात बी१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. थायरॉईड ठीक. पण तेव्हापासून बँकेचा जिना चढतानासुद्धा माझं लक्ष छातीकडे असतं.

तर प्रश्न असे: ज्यांनी यातून जाऊन व्यायाम सुरू केला, त्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत नेमकं काय केलं? धडधडीचं काय करायचं? आणि याने खरंच फरक पडतो, की हा गरम पाण्यात लिंबू-मध छापाचा सल्ला आहे?

– एक_मोजा

---

तिखटमीठ

आयडी आवडला. :)

पहिलं काम, किल्ला सोडा. दुसरं काम, गजर बंद करा. नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट असते, दिवस चढतो तसं जरा हलकं होतं. माझं तसंच होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर आठ महिने मी यातून गेले आहे. तुम्ही नेमकी सगळ्यात जड वेळ सगळ्यात जड कामाला दिली आहे.

मी काय केलं ते सांगते. कचऱ्याचा डबा घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. बस्स. त्यासाठी बूट लागत नाहीत, स्लिपर चालते. आठवडाभराने गेटच्या बाहेर, किराणा दुकानापर्यंत. मन तयार झालं की जाऊ, असं म्हणून थांबले असते तर अजून थांबलेलीच असते. माझ्या समुपदेशक बाई म्हणायच्या, आधी पाय, मन मागून येतं. आणि ते फार मागून येतं हो, पहिले तीन आठवडे मला कणभर बरं वाटलं नाही, ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी कॅलेंडरवर नुसती फुली मारायचे. "कसं वाटलं" हे लिहायचंच नाही, "गेले का" एवढंच.

तुमच्यासाठी सोपं आहे. संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत न जाता पोवई नाक्याला उतरा आणि घरी चालत जा. तेव्हा पायात बूट असतातच.

रोखठोक६२

हे सगळे पोट भरल्यावरचे आजार. आमचे आजोबा दिवसभर शेतात राबत, त्यांना कुठे नैराश्य होते? सकारात्मक विचार करा, पहाटे उठून सूर्यनमस्कार घाला, आठ दिवसांत ठणठणीत.

तिखटमीठ

@रोखठोक६२, आजोबांच्या गावात "बाहेरचं लागलंय" म्हणून माजघरात बसवून ठेवलेली माणसं किती होती, तेही विचारून घ्या काका. सूर्यनमस्काराला माझा विरोध नाही. पण धागाकर्त्याला मोजा चढवता येत नाहीये.

स्टेथो

मी जनरल प्रॅक्टिस करतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तुमच्या डॉक्टरांना हे दाखवूनच पुढे जा.

आधी धडधडीबद्दल. चढ चढताना नाडी वाढणं, धाप लागणं, घाम येणं आणि पॅनिकची लक्षणं यांत शरीराच्या पातळीवर फारसा फरक नाही. फरक अर्थ लावण्यात आहे. एकदा घाबरलेला मेंदू प्रत्येक ठोक्याला धोका समजतो, त्या भीतीने ॲड्रेनालिन आणखी सुटतं, नाडी आणखी वाढते. मग भरभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्यातून मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणसाची खात्रीच पटते.

यावर उपाय असा की धडधड मुद्दाम, थोडी थोडी आणि सुरक्षित जागी अनुभवायची. तुमच्या तपासण्या स्वच्छ आहेत म्हणून हे सांगतोय, ज्यांच्या झालेल्या नाहीत त्यांनी आधी त्या करून घ्याव्यात. घरातल्या जिन्याच्या एकाच पायरीवर एक मिनिट चढ-उतर करा. थांबा. खुर्चीत बसून घड्याळाकडे बघा आणि नाडी खाली यायला किती वेळ लागतो ते मोजा. ती येतेच. नाडी वर गेली तशी खालीही येते, हे मेंदूला वाचून पटत नाही, पन्नास वेळा बघून पटतं. चालताना वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. छातीत दाब, हाता-जबड्यात जाणारी कळ किंवा भोवळ आली तर मात्र "पॅनिकच असेल" म्हणून बसू नका, दाखवा.

एक विचारतो, प्रोप्रॅनोलॉल चालू आहे का? चिंतेसाठी बऱ्याचदा देतात. त्याने नाडी दबते आणि चढावर लवकर दमल्यासारखं होतं.

अर्धा_कप

मलाही हेच निदान आहे. व्यायाम लागू पडला तर गोळी सोडता येईल का? गोळीने झोपाळल्यासारखं होतं.

स्टेथो

@अर्धा_कप, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. एकदम सोडल्यावर चक्कर, चिडचिड, झटके बसल्यासारखं वाटणं हे होतं, शिवाय आजार उलटू शकतो. झोपाळूपणासाठी गोळीची वेळ किंवा गोळीच बदलून मिळते, डॉक्टरांना सांगा तर खरं.

धागाकर्त्याचा लिंबू-मधाचा प्रश्न राहिला. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ब्लूमेंथल आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांपुढच्या १५६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली छापून आला. एका गटाला सर्ट्रालिन (हीसुद्धा नैराश्यावरची गोळी), एकाला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले. पण सुरुवातीला सर्वांत लवकर फरक गोळीवाल्यांना पडला होता. ही ओळ लोक गाळतात. तुमची झोप चार महिन्यांत परत आली ती फुकट आलेली नाही. त्यातले लोक स्वतःहून आलेले होते, एक मोजा घालून बसलेले त्यात किती असतील हा प्रश्न आहेच. २०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्या एकत्र करून पाहिलेला आढावा आला. त्यात चालणं-धावणं, योग आणि वजनं उचलणं हे प्रकार वर होते. आढावा घेणाऱ्यांनीच म्हटलंय की पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाही. माझं मत विचाराल तर लिंबू-मध नक्कीच नाही, पण आठ दिवसांत ठणठणीतही नाही.

आणि वाचणाऱ्या कोणालाही जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर व्यायामाचं नंतर बघू. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एक_मोजा

सर्वांचे आभार. प्रोप्रॅनोलॉल नाही. पायरीचा प्रयोग बायकोसमोर केला, ती घड्याळ घेऊन बसली होती. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत सोडला.

एक_मोजा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफी असावी.

पोवई नाक्याचा उपाय लागू पडला. पाच आठवड्यांत कॅलेंडरवर एकोणीस फुल्या. मधले चार दिवस पूर्ण रिकामे, त्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध होतं. मन आनंदी वगैरे झालेलं नाही. पण परवा बँकेत एक लांबलचक अर्ज मी एका बैठकीत भरला आणि ते घरी आल्यावर लक्षात आलं.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' नावाच्या जागेपर्यंत गेलो. वर किल्ल्यावर नाही. चढावर धडधड सुरू झाली, मुंग्याही आल्या. मी बसलो आणि मनगटावर बोट ठेवून मोजायला लागलो. मुलगी म्हणाली, "बाबा, काय मोजताय?" तिला दुसऱ्या हाताची नाडी दाखवली. ती मोजत बसली, दर वेळी चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. तिचा पहिला पूर्ण मिनिट जमेपर्यंत माझी नाडी शंभराच्या खाली आली होती.

आता नवीन अडचण. पाऊस सुरू झालाय, आणि आमच्याकडे तो एकदा धरला की सोडत नाही. नाक्यावरून घरी येईपर्यंत बूट भिजतात, ते दोन दिवस वाळत नाहीत. तुम्ही लोक पावसाळ्यात काय करता?

तिखटमीठ

स्लिपर.

स्टेथो

बँकेचा जिना. मधल्या सुट्टीत, डबा खायच्या आधी.