माशांच्या दोन फुटी टँकला ३०० वॉटचा हीटर?
वर कोणीतरी लिहिलंय की थंडीत पाणी पटकन तापावं म्हणून दोन फुटी टँकला ३०० वॉटचा हीटर लावा, तर प्लीज असं करू नका. २×१×१ फुटाच्या टँकमध्ये खडी वगैरे धरून जेमतेम ५० लिटर पाणी असतं, त्याला ५०, फार तर ७५ वॉट पुरतो. स्वस्त हीटरच्या आतली पट्टी असते ना थर्मोस्टॅटची (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारी), तिचे कॉन्टॅक्ट कधीतरी चिकटतात आणि मग हीटर बंदच होत नाही. ५० वॉटवाला चिकटला तर पाणी हळूहळू तापतं, तुमच्या लक्षात येतं. ३०० वॉटवाला मात्र तासाला चार-पाच डिग्री चढवतो, ऑफिसातून येईपर्यंत माशांचं कालवण तयार!

बाहेरचा कंट्रोलर, म्हणजे पाण्यातल्या सेन्सरने तापमान बघून हीटरची वीज चालू-बंद करणारा डबा, लावणार असाल तर उत्तमच, एसटीसी-१००० टाइप चालतो, फक्त तो २६ ला सेट करा आणि हीटरचं स्वतःचं बटण २८ ला ठेवा, म्हणजे एक अडकला तरी दुसरा तोडतो. आणि सेन्सरची वायर नीट चिकटवा हो, सक्शन कप सुटून सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळला की त्याला खोलीची थंड हवा लागते आणि तो बिचारा हीटर चालूच ठेवतो.

पाणी बदलताना आधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, हीटरची गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हीटरच्या आधी तो बसवून घ्या.