गोपाळराव, द्वारकानाथ, रामन यांचे 'उपकार' आणि बायकांनी नुसत्या पदव्या घेतल्या म्हणे

उलटतपासणी

गेले दोन दिवस एक पोस्ट फिरतेय. मतितार्थ असा: डॉक्टर आनंदीबाई जोशी घडल्या नवरा गोपाळराव यांच्यामुळे, बंगालच्या डॉक्टर कादंबिनी गांगुली नवरा द्वारकानाथ यांच्यामुळे, डॉक्टर रखमाबाई सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यामुळे आणि जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना सी. व्ही. रामननी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घेतलं म्हणून. शेवटी तात्पर्य, 'आजच्या स्त्रीवाद्यांनी या पुरुषांचे उपकार विसरू नयेत.' खाली जोडलेल्या हातांची रांग.

'उपकार' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुळात हे चौघे एका पंगतीत बसलेच कसे? कादंबिनीबाईंना 'बंगबासी' या बंगाली वृत्तपत्राच्या संपादकाने आडून वेश्या म्हटलं, तेव्हा द्वारकानाथांनी त्याला कोर्टात खेचलं आणि तुरुंगात धाडलं. त्यांना माझा नमस्कार. सखाराम अर्जुन मुलीच्या बाजूने उभे राहिले हे खरं, पण ते वारले १८८५ साली. 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' हा निकाल आला मार्च १८८७ मध्ये. 'तुरुंग चालेल' म्हणणारी बाई तेव्हा बिनबापाचीच होती. त्यानंतर लंडन, १८९४ साली डॉक्टरकी, हे सगळं कुणाच्या उपकाराने?

आणि पोस्टमध्ये जी नावं नाहीत त्यांचं काय? न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपला नंबर येईपर्यंत एक मासिक चाळत होत्या. त्यात एका हिंदू मुलीच्या शिक्षणाबद्दलचा पत्रव्यवहार छापलेला होता. ना ओळख, ना देख. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई जिथे डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या एडिथ पीची, ज्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायला बळ दिलं. एकीचंही नाव नाही. उपकारच मोजायचे तर वही पूर्ण उघडा.

निवृत्त मास्तर

ताई, संताप समजला. पण कार्पेंटरबाईंनी वाचलेलं ते पत्र लिहिलं होतं कुणी? गोपाळरावांनीच ना? १८८० सालचा पोस्टातला साधा कारकून. बायको शिकावी म्हणून अमेरिकेतल्या मिशनऱ्याला पत्र घालतो, गावाची थुंकी झेलतो. तसा दुसरा दाखवा. आजच्या चष्म्यातून सगळेच खलनायक दिसणार.

परीक्षानळी

मास्तर, आजचा चष्मा राहू द्या, आनंदीबाईंचाच लावा. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनीच लिहून ठेवलंय: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, वर सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षी बाळंतपण, मूल दहा दिवसांत गेलं. बाकी नवरा फार पुढारलेला.

निवृत्त मास्तर

अर्धं पत्र सांगू नका. त्याच पत्रात त्या म्हणतात की तुमची वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं कठीण, ती दोन्ही होती. अंतिम हेतू पाहता बरोबरच.

उलटतपासणी

आणि त्याच्या पुढे? लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहता चूक. मास्तर, तुम्ही पाऊण पत्र सांगितलंत.

खडूस काका

आनंदीबाई, आनंदीबाई! कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, रुजू होण्याआधी क्षयाने गेल्या. वाईट झालं, मान्य. पण सुरत आणि राजकोटला मिळून पस्तीसेक वर्षं बायकांची बाळंतपणं नि दुखणी काढणारी रखमाबाई कुणाला आठवते? आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. रखमाबाईंविरुद्धचा निकाल ४ मार्चला. एकाच आठवड्यात एकीसाठी अख्खं पुणं हळहळलं आणि दुसरीला तुरुंग दाखवला. एक नवऱ्याच्या आज्ञेत होती, दुसरी नव्हती. तेव्हा 'केसरी' कुणाच्या बाजूने लिहीत होता तेवढं शोधा, मग बोलू.

सुपारी फुटली

आलेच टिळक. धागा कुठलाही असो, काकांची गाडी गायकवाड वाड्यावर थांबतेच.

खडूस काका

थांबणारच. तुम्हाला टोचतं म्हणून इतिहास बदलू का?

परीक्षानळी

दोघी जेमतेम चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या. एकीला मोठं करायला दुसरीला लहान कशाला करायचं, काका? एकवीस वर्षांची मुलगी मरायच्या आधी ओपीडी चालवून गेली नाही, हा काय तिचा गुन्हा?

कातळशिल्प

बाकी चालू द्या, पण रामनना या पंगतीत बसवल्याबद्दल निषेध. नोबेल मिळवलेला माणूस, नुकताच बंगळुरूला संचालक होऊन आलेला. त्याने १९३३ साली एका मुलीला नाही म्हटलं, नंतर घेतलं आणि वर्षभरात मत बदलून पुढे मुलींना दार खुलं केलं. माणूस चूक सुधारतो तेही तुम्हाला बघवत नाही.

उलटतपासणी

'घेतलं' कसं तेही लिहा की. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी. वडील आणि काका याच संस्थेतून शिकलेले. कारण विचारलं तर बाई आहेस हेच. कमलाबाई सत्याग्रह करते म्हणाल्या, तेव्हा अटी आल्या: वर्षभर नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही. वातावरण! मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी काम करून दाखवलं, मग केंब्रिज, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर १९३९ साली पीएचडी. प्रबंध चाळीसेक पानांचा. वर्षभर पोलादासारखी टिकली ती, आणि दार उघडल्याचं श्रेय कडी घालणाऱ्याला?

कातळशिल्प

त्या काळी बहुतेक संस्थांत हेच होतं. केंब्रिज तरी कुठे मोठं लागून गेलं, १९४८ पर्यंत बायकांना पूर्ण पदवी देत नव्हते. मग एकट्या रामनलाच का झोडपताय? पुढे शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत होत्या ना?

हवापाणी

अ‍ॅना मणींचं नाव काढलंत म्हणून बोलतो, नाहीतर वाचून सोडून देत होतो. त्या रामनकडे हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम करत. एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तासांचं एक्स्पोजर, त्यामुळे कधीकधी प्रयोगशाळेतच झोपायच्या. १९४२ ते ४५ मध्ये पाच निबंध, सगळे एकटीच्या नावावर. १९४५ साली प्रबंध दिला आणि मद्रास विद्यापीठ म्हणालं, एमएससी नाही, पीएचडी मिळणार नाही. प्रबंध बांधून तयार, पदवी नाही. १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात आल्या. जवळजवळ १०० उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली, म्हणजे ती इथेच बनवता यावीत. ओझोन मोजायचं उपकरण बनवलं. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त. नावापुढे डॉक्टर नाही ते नाहीच.

कातळशिल्प

तो नियम विद्यापीठाचा. रामन काय करणार?

परीक्षानळी

भांडणार! अर्ध्या शास्त्रीय जगाशी भांडलेला माणूस, एका कुलसचिवाला भ्यायला?

कातळशिल्प

म्हणजे त्यांनी काही केलं नाही हे तुम्ही समोर बसून पाहिलंत. धन्य आहे.

परीक्षानळी

पाहिलं नाही, भोगलंय, वेगळ्या ठिकाणी. आमच्या गाईडांचं धोरण होतं, मुली रात्री लॅबमध्ये नकोत, जबाबदारी कोण घेणार. हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद. रसायनं वेगळी करायला सिलिका भरलेली नळी, म्हणजे कॉलम, लावला की मधे सोडता येत नाही, कोरडा पडला की सिलिकाला चिरा जातात आणि दिवसभराचं वेगळं केलेलं सगळं परत एकत्र. मुलगे रात्री कॉलम लावून चहाला जायचे, मी पहाटे गेट उघडायची वाट बघायचे. वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे शेरा: 'कामाची गती समाधानकारक नाही.' नियम त्यांचा, गती माझी. म्हणून 'नियम विद्यापीठाचा होता' ऐकलं की तिडीक जाते.

डॉ रात्रपाळी

यावर लिहायचं नव्हतं. सर्जरीची सीट मिळाली तेव्हा विभागप्रमुख प्रेमाने म्हणाले, 'बेटा, गायनॅक घे, सुखी राहशील.' घेतली नाही. पुढे कुणी वाईट वागलं असं नाही, पण ऑपरेशन थिएटरमध्ये सहा नंबरचे ग्लोव्हज कधी नसायचे. सात किंवा साडेसात. बोटांच्या टोकाला रबर लोंबायचं, गाठ मारताना धाग्यात अडकायचं, आणि मागून आवाज यायचा, 'मुलींचे हात हळूच चालतात.' मागणीपत्रात सहा नंबर लिहायला कुणाला बंदी नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सुपारी फुटली

एक बाजू माझीही ऐका. बायकोच्या पीएचडीत मी पोरगं सांभाळलं, डबे केले, प्रबंधाचे संदर्भ टाइप केले. आभारात माझं नाव चौथं, प्रयोगशाळेच्या मदतनिसाच्या खाली. त्या पोस्टवाल्याचं दुःख मला थोडं कळतं.

उलटतपासणी

सत्कार कधी ठेवायचा? शाल आमच्याकडून.

डॉ रात्रपाळी

मदतनिसाने कधी बोलून दाखवलं नसेल, म्हणून वरचा नंबर.

निवृत्त मास्तर

हसलो. ताई, तडजोड करतो. 'उपकार' शब्द चुकीचा, 'साथ' म्हणा. पण गोपाळरावांना यादीतून काढायला माझी तयारी नाही.

उलटतपासणी

काढू नकाच. मारझोडीच्या ओळीसकट ठेवा.

कातळशिल्प

इतकं वाचून माझंही निवेदन. प्रवेश नाकारण्यात रामन चुकले. अटी अपमानास्पद होत्या, आणि कमलाबाईंनी उतारवयातही तो अपमान विसरले नाही असं सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्या वतीने माफ करणारा मी कोण. झालं समाधान? अ‍ॅना मणींच्या पदवीबद्दल मात्र माझं मत तेच, दोष विद्यापीठाचा. आणि ज्यावर त्यांना नोबेल मिळालं तो प्रकाशाच्या विखुरण्याचा रामन परिणाम अजून खरा आहे, की तोही आज मतदानाला टाकताय?

परीक्षानळी

परिणाम खरा. तेवढा आम्ही ठेवून घेतो.

हवापाणी

भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींबद्दल कुणी लिहिणार का? दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोप्लेट ठेवून मेसॉन या अणूहून सूक्ष्म कणाच्या मागे लागल्या होत्या, नोबेल ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉवेलना गेलं १९५० साली.

खडूस काका

लिहा, लिहा. बंगाल झाला, बंगळुरू झालं, केंब्रिज झालं. रखमाबाईंवर इतक्या प्रतिसादांत माझ्याशिवाय एकाने चार ओळी लिहिलेल्या नाहीत, धागालेखिकेच्या सुरुवातीच्या सोडून. मी उद्या वेगळा धागा काढतोय. तिथे रामनचा 'र' काढणाऱ्याला उत्तर मिळणार नाही. टिळकांवर बोला, हवं तितकं.