अनुभव धागा: इंटर्नशिप केली, पण क्रेडिट पदरात पडले का?

धागा_चालक
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून महाराष्ट्रात एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४ क्रेडिट (श्रेयांक) आहेत. प्रमाणपत्र हातात असूनही क्रेडिट अडकतात, ते का? आपबीती नको. कागद, तास आणि नेमकं कुठं अडतं, तेवढं लिहा.

समन्वयक_कॉमर्स
१ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून ४ क्रेडिटला १२० तास. रोजचे ६ तास धरले तर २० कामाचे दिवस. रविवार आणि मे महिन्यातली लग्नं लक्षात घेऊन पाच आठवडे राखून ठेवा.

खरी गडबड कागदांच्या क्रमात होते. आधी कॉलेजचं विनंतीपत्र. मग संस्थेचं लेटरहेडवरचं स्वीकृतिपत्र. त्यात तारखा, विभाग आणि तिथल्या मार्गदर्शकाचं नाव हवं. मग कॉलेजच्या मार्गदर्शकाची मंजुरी, आणि त्यानंतरच रुजू व्हायचं. मुलं आधी रुजू होतात आणि महिन्याने पत्र मागायला येतात. मागची तारीख घालून पत्र द्यायला कोणताही शहाणा प्राचार्य धजत नाही, आणि मंजुरीआधीचे तास धरले जातील याचा भरवसा नसतो.

प्रमाणपत्रात ‘एक महिना काम केले’ असं मोघम नको. ‘दि. अमुक ते दि. अमुक, एकूण १२० तास’ असं लिहून घ्या. हजेरीपत्रकावर येण्या-जाण्याची वेळ आणि सही रोजच्या रोज. एकाच पेनाने एका बैठकीत मारलेल्या वीस सह्या तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

टॅलीवाली_सोलापूर
सीए ऑफिसात ओजेटी करणाऱ्यांनी जीएसटीच्या तारखा बघून रुजू व्हावं. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ११ तारखेपर्यंत, २बी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणारा खरेदीचा तक्ता) १४ तारखेला तयार होतं, ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत. १ तारखेला आलात तर अख्खं चक्र बघायला मिळतं. १८ तारखेला आलात तर दोन दिवस कुणी मान वर करून बघणारही नाही.

आणि लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही! ‘बिलांची माहिती घेतली’ या ओळीला व्हायवात (तोंडी परीक्षेत) काहीच किंमत नाही. असं लिहा: ‘खरेदीची ४० बिलं टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवली, २बीशी ताळा घातला. ५ जुळली नाहीत: ३ पुरवठादाराने रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती, २ मध्ये जीएसटी क्रमांक चुकला होता.’ यावर परीक्षक दहा मिनिटं प्रश्न विचारतील, आणि तेच तर हवं असतं. पक्षकाराचं नाव मात्र लॉगबुकात घालू नका, ‘पक्षकार अ’ पुरे.

मेकॅनिकल_चाकण
लॉगबुकाबद्दल टॅलीवाल्या ताईंशी सहमत. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र ३० तासांचा हिशोब डोळे झाकून लावू नये. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) इंटर्नशिप धोरणात १ क्रेडिटला ४० ते ४५ तास धरलेत आणि इंटर्नशिप, प्रोजेक्ट, सेमिनार वगैरे मिळून १४ ते २० क्रेडिट. आपल्या विद्यापीठाने त्यातलं काय उचललंय ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत बघा.

कारखान्यात ड्रॉइंग बाहेर नेता येत नाही, बऱ्याच ठिकाणी मोबाईल गेटवरच जमा. मग शेवटच्या आठवड्यात अहवालात टाकायला काही उरत नाही. पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: स्वतः काढलेली ब्लॉक आकृती चालेल का, पार्ट नंबर गाळून सायकल टाइमचा (एक नग बनायला लागणाऱ्या वेळेचा) तक्ता देता येईल का? अहवाल जमा करण्याआधी कंपनीच्या मार्गदर्शकाची त्यावर सही घ्या.

परीक्षा_विभाग
एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होण्याचं ऑनलाइन खातं) आयडी १२ अंकी असतो आणि डिजिलॉकरवरून काढता येतो. क्रेडिट विद्यापीठ चढवतं, विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत. आधारवर आडनाव शेवटी, कॉलेजच्या नोंदीत आधी, असल्या फरकानेही नोंद जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे आधीच तपासावं. खात्यातले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात.

बॉस्टनकर
अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांसाठी. को-ऑप (शिक्षणाचाच भाग म्हणून केलेली नोकरी) तिकडे जुनं आहे, १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झालं. पण आपल्या मुलांना त्यासाठी सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागते. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच ती मिळते. आय-२० वर (विद्यापीठ देतं त्या व्हिसाच्या कागदावर) कंपनीचं नाव आणि तारखा येईपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही, ओरिएंटेशनलाही बसायचं नाही. कंपनी बदलली की मंजुरी नवी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी (सहसा पदवीनंतर वापरतात ती कामाची परवानगी) गेली, म्हणून तारखा मोजून घ्या. बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातल्या क्रेडिटची फी वेगळी भरावी लागते, तीही पगारातून वजा धरा.

सायंकाळचा_विद्यार्थी
मी दिवसा नोकरी करतो. तीच ओजेटीत धरतील का?

समन्वयक_कॉमर्स
विभागप्रमुखांना लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका. काम विषयाशी जुळत असेल तर काही ठिकाणी धरतात. पण पगाराची स्लिप म्हणजे लॉगबुक नव्हे. १२० तासांची रोजची नोंद आणि वरिष्ठांची सही लागतेच. वरिष्ठ म्हणजे घरचे नकोत, वडिलांच्या दुकानाचं प्रमाणपत्र हमखास परत येतं.