'स्नायुपेशी' आणि इन्सुलिनला 'दाद'

विचारणा: नागपुरात शुगरच्या पेशंटांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. मूळ वाक्य असं : 'वनस्पतींतली काही संयुगं स्नायुपेशींची इन्सुलिन-संवेदनशीलता वाढवतात.' धंतोलीत ओपीडीबाहेर नंबर लावून बसलेल्या माणसाला यातून काय कळणार? 'संयुगं'ऐवजी 'सत्त्व' चालेल का?

उत्तर: आधी 'स्नायुपेशी'. मराठीत स्नायू म्हणजे मसल, पेशी म्हणजे सेल. पुण्यात एवढ्यावर भागेल. नागपुरात घरोघरी हिंदी आहे, आणि हिंदीत मसल म्हणजे 'मांसपेशी', सेल म्हणजे 'कोशिका', 'स्नायु' म्हटलं की नस. शब्दाचे दोन्ही तुकडे चुकीचे लागतात. सुश्रुतही हिंदीवाल्यांच्याच बाजूचा निघतो : त्याने मोजलेल्या 500 पेशी म्हणजे आपले स्नायू, आणि 900 स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. तुम्ही सरळ 'मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू' लिहा.

'संवेदनशीलता' कवीकडे असू द्या. स्नायूंच्या पेशीत ग्लुट-4 नावाची वाहक प्रथिनं आत दडलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या पडद्यावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. निरोप येऊनही पुरेशी वर येत नाहीत, तेव्हा स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणा. 'प्रतिकार' (इंग्रजीतलं 'रेझिस्टन्स') तर नकोच. प्रतिकार वाढला म्हटलं की लोक खूश होतील!

दुसरं उत्तर: 'दाद' पटली. 'वाढवतात' पटलं नाही. दारुहळदीतलं बर्बेरीन किंवा लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांतलं नॅरिंजेनिन घातल्यावर पेशी जास्त ग्लुकोज घेतात, हे दिसलं ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या एल-6 पेशींत. त्या उंदराच्या स्नायूंपासून केलेल्या. शिवाय ही संयुगं एएमपीके नावाचं एन्झाइम चेतवतात. चालताना स्नायूंत तेच चेततं आणि इन्सुलिनच्या निरोपाशिवायही ग्लुट-4 वर येतं. मग ही इन्सुलिनला मिळालेली दाद, की इन्सुलिनला टाळून झालेलं काम? 'प्रयोगशाळेत पेशी जास्त साखर घेताना दिसल्या' एवढंच छापा. (नॅरिंजेनिनच्या नावात आपलं नारिंग आहे खरं, पण म्हणून पत्रकावर संत्र्याचं चित्र टाकू नका. नागपुरी संत्र्यात मुख्य असतं ते हेस्पेरिडिन.)

विचारणा: सत्त्वाचं राहिलंच जी. आणि बिजा (बिबळा) झाडाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पितात, त्याला काढा म्हणू का?

पहिलं उत्तर: सत्त्व नको. गुळवेलीचं सत्त्व म्हणजे वेल कुटून, पाण्यात कुस्करून, गाळून तळाशी बसलेला पांढरा साका, म्हणजे बहुतांशी स्टार्च. शुगरच्या पत्रकात तो शब्द कशाला? अर्कात दहा गोष्टी येतात, म्हणून तोही नको. 'घटक' लिहा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस, मेथीची पूड डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये, साखर फार खाली जाऊ शकते, हे मात्र ठळक टाइपात टाका.

काढा उकळून करतात. थंड पाण्यात रात्रभर भिजवून केलेल्याला वैद्य 'हिम' म्हणतात.