वरचं दूध: कधी, किती, कशातून? (अनुभव धागा)

धागाकर्ती

येत्या गुरुवारी लेकीला अकरा महिने पूर्ण होतील. अंगावरचं चालू आहे, शिवाय मऊ भात, नाचणीची पेज, लाल भोपळ्याचं काहीबाही असं दिवसातून तीनदा खाते. घोडं अडलंय ते दुधावर. साबांच्या (सासूबाईंच्या) मते वरचं दूध सहाव्या महिन्यातच सुरू व्हायला हवं होतं. पेडी (बालरोगतज्ज्ञ) म्हणतात, वर्षाचा वाढदिवस होऊ दे. रोज सकाळी गॅसवर दूध तापलं की साबा आधी पातेल्याकडे बघतात, मग माझ्याकडे. बोलत काहीच नाहीत.

पेडींना मी विचारलं, दही चालतं, पनीर चालतं, शिऱ्यात दूध चालतं, मग वाटीभर दुधानंच काय पाप केलंय? ते म्हणाले, जेवणात मिसळलेलं थोडं दूध सहा महिन्यांनंतर चालतं, पण अंगावरच्या किंवा बाळांसाठीच्या पावडरच्या दुधाऐवजी हेच पोटभर पाजायचं नाही. त्यात लोह जवळजवळ नसतंच, आणि बाकीच्या जेवणातलं लोहही ते नीट अंगी लागू देत नाही. प्रथिनं आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट, क्षारही जास्त, त्याचा भार मूत्रपिंडांवर. काही बाळांच्या आतड्यांतून नकळत थोडं थोडं रक्तही जातं.

पटलं. पण महिन्याभरानं सुरू तर करायचंच आहे. सल्ले पोत्यानं मिळतात, मला घडलेलं ऐकायचंय. गाय की म्हैस, बाटली की पेला, पाणी घातलंत का, पहिल्या आठवड्यात काय झालं. फसलेलं असेल तर आधी तेच सांगा.

कडबोळं

दोन मुलगे, दोन तऱ्हा. थोरला पावडरच्या दुधावर होता. वर्ष झाल्यावर त्याच्या नेहमीच्या दुधात ३० मिली गायीचं दूध मिसळायला लागले, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत पंधरवड्यात पूर्ण गायीचं. त्याला पत्ताही लागला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शीला खडा झाला, तेव्हा दूध वाढवायचं थांबवलं आणि पपई, भिजवलेल्या मनुका, पाणी यांवर जोर दिला. आठवड्यात सुरळीत.

धाकट्यानं मात्र तोंडच फिरवलं. साखर नाही, वेलची नाही, काही घालून बघितलं नाही असं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, दूध पिण्याची सक्ती कुणी केलीय? दही, ताक, पनीर, नाचणी, तिळाची चटणी यांतून भागतंय. आता साडेतीन वर्षांचा आहे, अजून दूध पीत नाही. मी पेला पुढे करणं सोडलं.

एसटीची खिडकी

फसलेलं आधी सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. एरवी घराबाहेर हे बोललो नाही.

मुलगा दीड वर्षाचा. आम्ही बार्शीकडचे, दूध घरात मुबलक. खायला कटकट करायचा, मग आई म्हणायची, राहू दे, बाटली दे, उपाशी तरी राहणार नाही. गुटगुटीत होता, आणि दिवसेंदिवस गोरा दिसायला लागला. लग्नाकार्यात बायका कौतुक करायच्या, दूध मानवलंय हो पोराला. आम्ही खूश. मग तो न्हाणीजवळच्या भिंतीचे पोपडे खायला लागला. त्याला दटावलं. दिवसभर पेंगायचा, तर म्हटलं दात येत असतील.

लसीकरणाला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी काही न बोलता त्याची खालची पापणी बोटानं ओढली. आतून पांढरी. मग विचारलं, दिवसाला दूध किती? मी आणि बायकोनं तिथंच बोटांवर मोजलं. उठल्यावर एक बाटली, अंघोळीनंतर एक, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री. पाच बाटल्या, प्रत्येकी २५० मिली. सव्वा लिटर. हा आकडा एकत्र मोठ्यानं आम्ही पहिल्यांदाच उच्चारला. हिमोग्लोबिन निघालं ६.४.

गोरा नव्हता तो, पांढराफटक पडला होता. भिंत खाणं हेही बरेचदा लोह कमी पडल्याचंच लक्षण.

डॉक्टरांनी दूध दिवसाला ४०० मिलीवर आणायला सांगितलं, तेही पेल्यातून आणि जेवण झाल्यावर. लोहाचं औषध सुरू झालं. ते दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबाच्या किंवा मोसंबीच्या रसाबरोबर द्यायचं. शी काळी होते, घाबरू नका. पहिले तीन दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. आई माझ्याशी बोलत नव्हती. चौथ्या दिवशी मी जेवत होतो, माझ्या ताटात शेंगाच्या आमटीत कुस्करलेली भाकरी होती. त्यानं येऊन मूठ घातली आणि खाल्ली. परत घातली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, मध्ये आली नाही. तीन महिन्यांनी १०.९. औषध त्यानंतरही काही महिने चालू ठेवलं, अंगातला साठा भरून निघावा म्हणून.

सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध देतात. आशाताईंनी आम्हालाही बाटली दिली होती. फडताळात तशीच होती, सील न फोडलेली.

भरतकाम

वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे रक्त ठीक होतं, दात गेले. लेक रात्री बाटली तोंडात ठेवूनच झोपायची. दुसऱ्या वर्षाच्या आत वरचे चारही पुढचे दात किडले. बाटलीपासून सुरुवातच करू नका, एवढंच.

ओसरी

मी आजी गटातली, तेव्हा थोडी साबांची बाजू मांडते.

१९८३ साली माझ्या मुलाच्या वेळी तीन महिन्यांनी मी नोकरीवर रुजू झाले. दूध काढून ठेवणं वगैरे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पावडरचा डबा परवडत नव्हता. सासूबाईंनी गवळ्याला बजावलं, बाळाचं दूध एकाच गायीचं हवं. तो रोज शपथेवर सांगायचा, त्याच गायीचं. किती गायींचं होतं ते त्यालाच ठाऊक. त्यात निम्मं पाणी, साखर, वावडिंगाचे दाणे टाकून उकळायचं आणि बोंडल्यानं पाजायचं. चांदीचं बोंडलं, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचं. त्याच्या चोचीत साय अडकायची, ती काडीला कापूस गुंडाळून काढायची, मग उकळत्या पाण्यात. हे काम माझं.

मुलगा वाढला, गड चढतो. पण लगेच 'बघा' म्हणणार नाही. पहिलं वर्षभर तो सारखा आजारी असायचा आणि दुधात पाणी घातलं की पोट भरतं पण अंग धरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या साबांना मात्र वाटीतून पाजायचं काम जरूर द्या. त्या नुसत्या पातेल्याकडे बघत असतील तर त्यांना दुधापेक्षा हेच हवं असेल.

रात्रपाळी

बालविभागात परिचारिका आहे, म्हणून थोडी भर. ओसरींसारखी वेळ आजही बऱ्याच घरांवर येते, त्यांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये. आपल्याकडचे आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बारा महिन्यांपर्यंत थांबा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात मात्र अंगावर न पिणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना पावडरचं किंवा प्राण्याचं दूध, दोन्ही चालेल असं आहे. पण मग लोहाकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आणि वर्षानंतर 'वाढत्या बाळाची खास पावडर' लागत नाही, हेही त्यात आहे. सहा महिन्यांच्या आत मात्र परस्पर काही सुरू करू नका.

कासरा

आमचा गोठा आहे, मिरजेच्या बाजूला. बारा जनावरं, दोन खिलार, बाकी एचएफ (होल्स्टीन, विलायती जात). तुम्हा शहरातल्या मंडळींचा धारोष्ण दुधावर फार जीव. एक पाहुणे वर्षाच्या नातवाला घेऊन पहाटे गोठ्यात उभे, कासेखालचं कोमट दूध थेट पाजा म्हणून. मी दिलं नाही, ते रुसून गेले. गायीला सांसर्गिक गर्भपात झालेला असतो, क्षय असतो, वरून काही दिसत नाही आणि निरशा दुधातून तो माणसात येतो. आमच्या घरातली पोरंसुद्धा उकळलेलंच पितात.

दुसरं, कासेला दगडी झाली (कास सुजली) की आम्ही औषध टोचतो. त्यानंतर ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. एकाच गायीचा हट्ट धरलात आणि तीच आजारी पडली तर? मला विचाराल तर बाळाला पिशवीचं दूध घ्या, गायीचं, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवालं (एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात उरतं ते). माझंच दूध तिकडं जातं, पण तपासून जातं. आणि देशी गायीच्या दुधाला दुप्पट भाव देण्याआधी त्या पैशात अंडी किती येतात ते मोजा. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

ढगाळ

इंग्लंडमधून. आम्ही अमेरिकेतून इकडे आलो तेव्हा लेक तेरा महिन्यांची होती. तिकडे लाल टोपण म्हणजे पूर्ण सायीचं दूध, डोळे झाकून उचलायची सवय. इकडेही लालच उचललं. सहा आठवडे. वजन हलेना. हेल्थ व्हिजिटर (बाळांना घरी येऊन बघणारी नर्स) घरी आली, चहासाठी मी फ्रिज उघडला, तर ती तिथूनच म्हणाली, हे बाळासाठी नाही ना? इकडे लाल म्हणजे साय पूर्ण काढलेलं, निळं म्हणजे पूर्ण दूध. दोन वर्षांपर्यंत निळंच, आणि लाल तर पाच वर्षांच्या आत नाहीच. भारतातही टोन्ड, डबल टोन्ड अशा स्निग्धांश कमी केलेल्या पिशव्या असतात. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश दीडच टक्का. रंगावर जाऊ नका, छापलेलं वाचा.

चिमूटभर

आम्हाला दूध चाललंच नाही. नवव्या महिन्यात पावडर सुरू केली, चार दिवसांत शीत लाल धागे, मग शेंबडासारखी शी. आधी सगळे म्हणाले दात. निदान: दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी. आईनंच दूध सोडलं, म्हणजे मी चहा, दही, तूप घातलेला वरणभातही. ओळखीच्या तिघींनी सांगितलं, शेळीचं देऊन बघ. नका देऊ. शेळीची, म्हशीची प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक बाळांना तेही बाधतं.

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरी-पायरीनं सुरू केलं. आधी दुधाचं भाजलेलं बिस्कीट, एक तुकडा. मग मफिन, मग पॅनकेक, चीज, दही आणि सगळ्यात शेवटी दूध. दह्याच्या पायरीवर दोनदा घसरलो, परत मफिनवर. दोन वर्षांची होता होता अर्धा पेला दूध प्यायली, मी रडले, ती माझ्याकडे बघून हसत होती. ज्यांच्या बाळाला दूध लागताच गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्यांनी हा खेळ घरी करायचा नाही, थेट दवाखाना.

धागाकर्ती

पाच आठवड्यांनी परत आले. वाढदिवस झाला, रविवारी सुरू केलं. गायीचं, पाणी न घालता, उकळून कोमट केलेलं, दोन चमचे. लेकीनं अंग शहारून सगळं फ्रॉकवर काढलं. सोमवारीही तेच. मंगळवारी मी अंघोळीला गेले होते, बाहेर येऊन बघते तर साबा मांडी घालून बसलेल्या, लेक मांडीत, आणि त्यांच्या चहाच्या बशीतून फुर्रर्र करून दूध पितेय. हो, बशीत चहा नव्हता, मी बोट घालून चाखून बघितलं. अंगावरचं चालूच आहे, दूध वाटीभराच्या वर नेत नाहीये. एसटीची खिडकी, काल तिची खालची पापणी ओढून बघितली. लाल आहे.

आता नवा वाद: साय काढायची की ठेवायची?

कासरा

दुधातली सगळी चरबी सायीतच नसते, पिशवीचं असेल तर तसंही फार साय धरत नाही. म्हशीचं असेल तर वेगळं बोलू.

ओसरी

गाळून घ्या. सायीचा पापुद्रा जिभेला लागला की मुलं ओकतात आणि मग आठवडाभर दुधाकडे बघत नाहीत. गाळलेली साय कुणाच्या वाट्याला हे मात्र आधी ठरवा. आमच्याकडे त्यावरून दोन जावा महिनाभर बोलत नव्हत्या.