मूल नसलेल्या जोडप्याचं मृत्युपत्र: एक की दोन?

मुलुंडकर:
नवरा-बायको दोघंही साठीपुढचे, हिंदू, मूल नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, सोसायटीत एकमेकांचं नॉमिनेशन आहे. मागे राहील ते बायकोच्या भाचीला मिळावं अशी दोघांची इच्छा. नॉमिनेशन पुरेसं नाही का? मृत्युपत्र केलंच तर दोघांचं मिळून एक चालेल?

दस्तऐवज:
नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं.

तुमच्याकडे खरा धोका वेगळा आहे. मृत्युपत्राविना आधी नवरा गेला तर त्याचा हिस्सा बायकोला, आणि त्याची आई हयात असेल तर तिलाही बरोबरीने. पुढे बायकोही मृत्युपत्राविना गेली, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 नुसार तिचं सगळं, अगदी स्वतःच्या कमाईचंसुद्धा, नवऱ्याच्या वारसांकडे जातं. सासू-सासरे नसतील तर दीर-नणंदा, तेही नसतील तर त्यांची मुलं. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं तिच्या वडिलांच्या वारसांकडे. नवऱ्याच्या वारसांत भाची कुठेच येत नाही. म्हणून बायकोचं मृत्युपत्र जास्त निकडीचं.

गटनंबर:
दोन स्वतंत्र करा. एकत्र केलं की एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो का, यावरून कज्जे होतात. ‘बायकोला, तिच्यानंतर भाचीला’ असं मोघम लिहू नका. बायकोला मालकी दिली की फक्त हयातीपुरता हक्क, हा वाद तिथेच सुरू होतो. ‘माझा हिस्सा पत्नीला पूर्ण मालकीने, ती माझ्याआधी वारल्यास भाचीला’ असं लिहा, बायकोच्या मृत्युपत्रात याच्या उलट. शेवटी ‘यात न लिहिलेली उरलेली सर्व मालमत्ता’ कोणाला, तेही हवंच.

दस्तऐवज:
साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात सांगावं लागू शकतं. त्यांच्यादेखत तुम्ही सही करा, तुमच्यादेखत त्यांनी. भाची किंवा तिचा नवरा साक्षीला नको. मजकूर ठरवण्यातही तिला आणू नका, त्यावरूनच संशय घेतला जातो. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नाही, मानसिक स्थिती ठीक असल्याचा त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. तुमच्या हयातीत त्याची नक्कल परस्पर तिसऱ्याला मिळत नाही. मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका, गरजेच्या वेळी तो चटकन उघडता येत नाही.