अस्वलांच्या जंगलात पळायला परवानगी द्यावी का?

पहाटपळ्या
नागपुरातले बरेच पळणारे इथे आहेत म्हणून विषय काढतो.

मागच्या सप्टेंबरात मुलीकडे अमेरिकेत मोंटानाला गेलो होतो. तिथल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात एका सकाळी १२ किलोमीटर पळलो. पार्कात साधारण ३०० ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं; काळी अस्वलं त्याच्या दुप्पट. कुणी अडवलं नाही. कमरेला तिखटाच्या फवाऱ्याचा डबा आणि वळण आलं की मोठ्याने आरोळी, एवढीच तयारी. वाटेत विष्ठेचा ताजा ढीग दिसला, फळांच्या बियांनी भरलेला. अस्वल नाही दिसलं. पण पन्नाशीत पहिल्यांदा कान टवकारून पळलो.

आता परत तेच फुटाळा, तेच सेमिनरी हिल्स. पेंचचं वाघाचं जंगल दीड-दोन तासांवर, पण सफारीत आपल्या माणसाला जिप्सीतून पाय खाली टेकवायची मुभा नाही. कोअरबद्दल, म्हणजे आतल्या गाभ्याबद्दल, मी बोलतच नाहीये. बफरमधल्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या, गाडीवाटांवर नाव नोंदवून, शुल्क भरून, गावातला वाटाड्या सोबत घेऊन वीस जणांना पळू द्यायला काय हरकत आहे? सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मध्य प्रदेशवाले पायी सफारी करवतात. आपण नुसत्या पाट्या ठोकतो.

गुगामल
ग्लेशियरचं उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. तिथे बंदी नाही हे खरं. पण पायवाटांवर पळू नका, असं त्या पार्काचं प्रशासनच बजावून सांगतं. चालणारा थांबत, बोलत जातो. पळणारा भरकन आणि बिनआवाज येतो, अस्वलाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तुमचं नशीब चांगलं होतं, त्याला पद्धत म्हणू नका.

दुसरं, ते पार्क ४,१०० चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या पेंचचं राष्ट्रीय उद्यान २५७. तिथलं अस्वल माणूस टाळायला दुसऱ्या दरीत जातं. आपलं कुठे जाणार? एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला धानाची बांधी.

डॉ_तर्री
मी पहाटपळ्यांच्या बाजूने. रोज पहाटे वर्धा रोडवर पळतो. अंगावर येणारे ट्रक आणि मागे लागणारी कुत्री यांच्यापेक्षा अस्वल परवडलं! २०१९ मध्ये मिहानच्या औद्योगिक भागात वाघ फिरून गेला, म्हणून काय तिथल्या नोकऱ्या सोडल्या लोकांनी? सज्ञान माणूस लिहून देतोय की जबाबदारी माझी, तर सरकारने आईसारखं मागे मागे का फिरावं?

(कुत्र्यांचं गमतीने म्हणत नाहीये. पोटरीवर खूण आहे.)

गुगामल
डॉक्टर, लिहून दिल्याने तुमची जबाबदारी संपते, अस्वलाची नाही. एप्रिल २०२३ मध्ये इटलीतल्या त्रेंतिनोत २६ वर्षांचा एक तरुण डोंगरात पळायला गेला होता, त्याला मादी अस्वलाने मारलं. तो बिचारा गेलाच. मग तिला सापळा लावून पकडलं. तिच्यासोबत पिल्लं होती. तिला मारायचं की डांबायचं यावर कोर्टकज्जे झाले. आपल्याकडे असं घडलं तर गावात आधी काय होईल, ते पेंचलगतच्या देवलापार-पवनीकडचं कुणी असेल तर सांगा.

शिवाय ग्रिझलीचे नियम आपल्या अस्वलाला लागू पडत नाहीत. आपलं अस्वल वाघाच्या शेजारी वाढलंय. तिकडचं काळं अस्वल घाबरलं की झाडावर चढतं. आपलं सहसा ते करत नाही, उभं राहून भिडतं. वाघासोबत राहूनच हा स्वभाव आला असावा, असं अभ्यासक मानतात. नजर अधू, नाक तीक्ष्ण. त्यात वारूळ फोडून तोंड आत घातलेलं असलं की वाळवी ओढण्याचा आवाज शंभर पावलांवर ऐकू जातो, पण त्याला स्वतःला आजूबाजूचं काही कळत नाही. मऊ बुटांचा माणूस उलट्या वाऱ्याने पंधरा फुटांवर येऊन ठेपला की ते सरळ तोंडावर येतं. बोटाएवढी नखं असतात. अशा जखमांत जीव वाचला तरी डोळा, नाक, जबडा यातलं काहीतरी जातं.

देवलापारकर
मले विचारलं म्हणून सांगतो. माहं गाव बफरमधेच येते.

मोह रातच्याले टपकते. सकाळी गुरंढोरं नि हरणं खाऊन जाईन म्हणून बाया अंधारातच टोपलं घेऊन निंगते. अस्वलाचंही तेच टाइम, तेच झाड. माह्या काकूले सात वर्सं झाले. चार बाया होत्या, बोलत होत्या, तरी ही एकटी नाल्याच्या बाजूनं पुढं गेली. पाठीवर पिल्लू घेतलेली मादी होती. काकू पालथी पडली, मानेवर हात धरले, म्हणून वाचली. एक कान नाही आता. डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ देत नाही.

आता तुमी म्हणता शुल्क भरून पळतो. भाऊ, आमी पोटासाठी जातो ते जंगल आहे. तिथंही आमी पळत नाही. खोकत जातो, काठी आपटत जातो, गाणं म्हणत जातो. आमच्या गावात पोरगं जंगलात धावलं तं म्हातारे कानाखाली देते. अन् तुमच्यातल्या एकाले लागलं तं दुसऱ्या दिवशी फाटक कोणाले बंद होईन? तुमाले का आमाले? मोहाचे चार पैसे बुडले तं वर्साचं तेलमीठ बुडते.

पहाटपळ्या
देवलापारकर, काकूंचं वाचून वाईट वाटलं. फाटक तुम्हाला बंद होईल, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. कबूल.

तरी सगळंच सोडून द्यावं असं वाटत नाही. मोहाचे दिवस नकोत, म्हणजे मार्च-एप्रिल बाद. पहाट नको, नऊनंतर. फक्त रुंद गाडीवाट, नाल्याकाठ नाही, पाच जणांचा घोळका, बोलत बोलत. आणि तुमच्याच गावातला माणूस पुढे, त्याची मजुरी त्याला. यातून गावाला काही मिळणारच नाही का?

डॉ_तर्री
नऊनंतर? एप्रिल सोडा, ऑक्टोबरातही नऊला नागपूरकडचं ऊन काय असतं ते विसरलात का मोंटानाला जाऊन? आपल्याकडे पळायची वेळ आणि अस्वलाची वेळ एकच आहे. मी बाजू बदलत नाहीये, पण ही अडचण खरी आहे.

गुगामल
मग उरला हिवाळा. डिसेंबरापासून बोरं पिकतात, बोरीखाली अस्वल. त्याच सुमाराला माद्या गुहेत पिल्लं देतात. पावसाळ्यात गाडीवाटा चिखलात. आणि वाघ आपण सोडूनच दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली महिला वनरक्षक मदतनिसांदेखत वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती रोज जंगलात राहणारी, प्रशिक्षण घेतलेली बाई. आपण रविवारचे.

आणि तो तिखटाचा डबा विमानात आणू देत नाहीत. आणलात तरी दहा-बारा मीटरपलीकडे त्याचा मारा नाही. पिशवीतून निघेपर्यंत सगळं उरकलेलं असेल.

शांत_अंबाझरी
गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ पासून अस्वलांची सफारी आहे. बसमध्ये बसून बघा, येताना तर्री पोहे. एवढं काय त्यात!

पहाटपळ्या
बसमधून बघायचं असतं तर धागा काढलाच नसता. तुम्ही कधी पळालात का हो जंगलात?

शांत_अंबाझरी
नाही. गुडघे.

देवलापारकर
पहाटपळ्या भाऊ, गावाले मजुरी मिळन हे खरं आहे, त्यात खोट नाही. पोरं तयार होतीन. पण पुढं चालणारा आमचा पोऱ्या अन् मागून पळणारे तुमी, तं पहिलं अस्वल कोणाच्या तोंडावर येईन, ते बी लिहा अर्जात.

दिवाळीनंतर या. चालत नेतो. घड्याळ घरी ठेवा.

पहाटपळ्या
येतो. पण अर्ज मी करणार आहे, चालण्याचा नाही, पळण्याचाच. पुढे चालणारा कोण, यावर मात्र काही सुचत नाहीये अजून.